गोव्यातलं दिवाडी बेट नकाशावर नुसती दलदल दिसतं. तिथे गावं वसली कशी? आणि नागपूरहून मुद्दाम जाऊन पाहण्यासारखं काय आहे?

मी नागपूरचाच, पण माझी मावससासू दिवाडीला राहते, म्हणून उत्तर देतो.

आधी एक गोष्ट. हे बेट भर समुद्रात नाही, मांडवी नदीत आहे, जुन्या गोव्याच्या अगदी समोर. पण समुद्र इतका जवळ की भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा नदीत चढतं. टेकडीवर पिएदादचं चर्च आणि तिच्या आसपास वस्ती, खाली सपाट शेतं. ही शेतं मुळात नदीचीच. बांध घालून ती माणसांनी तिच्याकडून काढून घेतलीत. अशा जमिनीला तिकडे खाजण म्हणतात. भरतीच्या पाण्यापेक्षा ती सखल असते, म्हणजे बांध फुटला की शेत गेलं.

बांध चिखल, पेंढा, जांभा दगड यांचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी, ती लाटांचा मार खाते. बांधात जागोजागी लाकडी दारं, त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. तिथेच जाळं लावून मासे धरतात आणि त्या मासेमारीचा हक्क लिलावात जातो. पावसाळ्यात मातीतलं मीठ धुऊन निघालं की भात. तोही कोरगूट, खारेपणा सोसणारा. आपल्या तांदळापुढे दिसायला अगदी रांगडा, पण पेज काय होते राव त्याची!

आता खरा मुद्दा. असा बांध एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही. त्यासाठी गावकरी ही संस्था होती. जमीन गावाची, बांधाची डागडुजीही गावाची. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, त्यांनीसुद्धा ही व्यवस्था मोडली नाही, उलट १५२६ मध्ये तिचे रूढ नियम लिहून काढले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर मात्र बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कुळांना हक्क मिळाले ते योग्यच झालं, पण बांधाला घट्ट धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या गावच्या जमीनदारांच्या) तलावांचं आठवा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ साचत राहिला. तेच दुखणं, फक्त इथे पाणी खारं. फुटलेल्या बांधातून आत शिरलेलं पाणी वेळीच काढलं नाही तर शेतात खारफुटी उगवते, आणि ती कायद्याने संरक्षित, म्हणजे नंतर मालकालाही तोडता येत नाही. बांध राखणारी खारफुटीच मग शेत खाते.

इतिहासात रस असेल तर सप्तकोटीश्वर. कदंब राजांचं हे दैवत मुळात दिवाडीवर, नार्वे इथे होतं. बहामनी काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभं केलं, पोर्तुगीजांनी परत पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये सुरू झाला, दारावर शके १५९० चा शिलालेख आहे. पलीकडच्या गावाचं नावही नार्वेच, त्यामुळे रस्ता विचारताना कुठलं नार्वे ते नीट सांगा, नाहीतर फेरीबोटीत उलटसुलट फिराल.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा असतो. वाड्यांच्या हद्दीवरून होणाऱ्या जुन्या भांडणांतून निघालेली झेंड्यांची मिरवणूक. गर्दी खूप होते, मला स्वतःला तो दिवस टाळावासा वाटतो.

बेटाला पूल नाही. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून किंवा डिचोलीकडच्या नार्व्याहून फेरीबोट घ्यायची, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. सकाळी जायचं ठरवलंत तर आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून घ्या. ओहोटी लागता लागता मानशीपाशी पोचलात तर दार उघडताना दिसेल. भर ओहोटीत गेलात तर नुसता चिखल बघून परताल आणि मला शिव्या घालाल.