बाळंतविडा घरी शिवून द्यावा की बाजारातला सेट घ्यावा?

शिवूनच द्या. पैशांचा हिशोब मांडलात तर घरचं शिवण बाजारापुढे टिकत नाही, हे आधीच सांगते. मलमल, अस्तर, दोरे, टिचबटणं आणि तुमच्या दुपारी एवढं सगळं धरलं तर खोक्यातला सेटच स्वस्त पडेल. तरीही शिवूनच द्या.

तुम्ही लिहिलंय की बहिणीला सातवा लागलाय, तुम्हाला शिवणातलं जुजबी येतं, घरी मशीन नाही, आणि तुमच्या वहिनी म्हणतात, हजार रुपयांत चांगला खोका मिळतो तर चिंध्या जोडत काय बसायचं. खरं सांगायचं तर या वहिनींना उत्तर द्यायचं म्हणूनच मी लिहायला बसले. हेच बोलणं मी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून भर बारशात, चार बायकांसमोर ऐकून घेतलेलं आहे.

माझं सासर इचलकरंजीचं. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून गावाचं पोट कापडावर. त्यामुळे घरातल्या बाईमाणसालाही कापड चिमटीत धरलं की सूत कळतं. सासूबाई तर दुकानदाराच्या 'प्युअर कॉटन'वर कधीच विश्वास ठेवायच्या नाहीत. कडेचे दोन धागे ओढायच्या, घरी येऊन काडी लावायच्या. सुती धागा जळला की जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो आणि टोकाला काळी कडक गाठ धरतो. बाळाचं कापड घेताना तुम्हीही हेच करा, लेबल वाचत बसू नका.

नणंदेला पहिलं बाळ होणार म्हटल्यावर सासूबाईंनी ट्रंकेतून स्वतःची एक सुती नऊवारी काढून माझ्या हातात दिली. हिरवी, बारीक चौकड्यांची, वर्षानुवर्षं धुऊन मऊसूत झालेली. म्हणाल्या, "हिच्यातलं काढ. हिचा रंग आता जायचा नाही आणि ही आता आटायची नाही." आठेक मीटर कापड. पण जुनी साडी सरसकट वापरता येत नाही. ती खिडकीतल्या उजेडासमोर धरून बघावी लागते. बसण्या-उठण्याचा भाग, काष्ट्याचा भाग विरलेला असतो, तिथे उजेड आरपार दिसतो. पदर आणि आतलं टोक मात्र शाबूत असतं. आम्ही दोघींनी साडी खिडकीत धरून इंच इंच बघितली, विरलेल्या ठिकाणी खडूने खुणा केल्या, आणि चांगल्या भागातून झबली, लंगोट आणि दुपटी बेतली. लाळेरी उरलेल्या तुकड्यांची. कुंचीसाठी मात्र मी नवा खण आणला होता, जांभळा, नारळी काठाचा.

खणाची एक गोष्ट माहीत असू द्या. खण सुलट्या बाजूने कितीही सुरेख दिसला तरी उलट्या बाजूला नक्षीचे धागे सुटे लोंबत असतात. बाळाची नखं आणि बोटं त्यात अडकतात. म्हणून आतून मलमलीचं अस्तर लावायचंच. खण आणि अस्तर सुलट्याला सुलटं ठेवून कडेने शिवायचं, एक बाजू मोकळी सोडून तिथून उलटवायचं, मग मानेशी चुण्या घ्यायच्या. चुण्या हाताने धावदोरा घालूनच ओढाव्यात, त्या सारख्या बसतात. त्या कुंचीच्या चुण्या मी दोनदा उसवल्या, कारण सासूबाईंना मानेवर जाड गाठ चालत नव्हती. बोट फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "इथे टोचेल."

बारसं पुण्याला, हॉलमध्ये. टेबलावर आहेराचे खोके रचलेले. जाऊबाईंनी आणलेला सेट मधोमध: नेटचा टिकल्यांचा फ्रॉक, तसलाच हेअरबँड, बूट, सगळं खिडकीच्या पुठ्ठ्यात बसवलेलं. मी आमचं बोचकं शेजारी ठेवलं तर त्यांनी ते उचलून टेबलाखाली सारलं आणि म्हणाल्या, "जुनेर फाडून शिवलेलं असं समोर काय ठेवतेस? लोक म्हणतील इचलकरंजीकरांना चिंध्या देण्यापलीकडे काही सुचलं नाही." सासूबाई तिथेच उभ्या होत्या. साडी त्यांची होती. त्या काही बोलल्या नाहीत, आणि बारसं नणंदेचं म्हणून मीही गप्प बसले.

पुढे एप्रिलचा उन्हाळा लागला. फ्रॉक एकदा फोटोपुरता घातला गेला. नणंदेने रात्री मला पोरीच्या गळ्याचा फोटो पाठवला, नेटच्या कडेने गळाभर लाल रेघ उठली होती. खाली विचारलं होतं, "तसली झबली अजून आहेत का गं?" साडीचा उरलेला भाग मी बेतला आणि येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिला. जाऊबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "उन्हाळा होता म्हणून." आजही त्यांचं मत तेच आहे.

त्यांची बाजूही सांगते, कारण तुमच्या वहिनींच्या मनातही कदाचित तेच असेल. जाऊबाईंचं माहेर फार ओढगस्तीचं. लहानपणी त्यांच्या अंगावर कायम दुसऱ्यांच्या पोरींचं उतरलेलं. दिवाळीलाही नवं नाही. त्यामुळे नव्या कापडाची घडी मोडणं हा त्यांच्या लेखी मान आहे, आणि जुनं देणं म्हणजे समोरच्याला कमी लेखणं. हे दुःख मला समजतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण कुणाचं तरी नकोसं झालेलं पदरात पडणं वेगळं, आणि आजीने स्वतःची आवडती साडी काढून, त्यातला चांगला भाग निवडून नातीसाठी देणं वेगळं. जाऊबाई दोन्हीला एकच माप लावतात, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही.

आणि नव्या कापडाचं एवढं कौतुक करणाऱ्यांनी आमच्या गावात येऊन एकदा सायझिंग बघावं. ताण्याचं, म्हणजे उभं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देतात, सायझिंग म्हणतात ते हेच. पुढे प्रोसेसमध्ये ही खळ काढतात, पण मग कापडाला अंग यावं, चुरगळू नये म्हणून फिनिशिंगला आणखी काय काय चढतं. दुकानात हाताला कडक आणि चकचकीत लागतं ते त्याच्यामुळे. मोठ्यांच्या कातडीला त्याचं सहसा काही वाटत नाही. नवजात बाळाची कातडी पातळ असते. शेकडो वेळा धुतलेल्या साडीत यातलं काहीच शिल्लक राहिलेलं नसतं. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नसत. कारण कुणी सांगत नसे, पण पद्धत पक्की होती.

ज्यांच्याकडे जुनी सुती साडी नाही, किंवा ज्यांना जुनं नकोच आहे, त्यांनी नवी मलमल आणावी. रात्रभर भिजत घालावी, दोनदा धुवावी, उन्हात वाळवावी आणि मगच कात्री लावावी. न भिजवता बेतलेलं झबलं पहिल्या धुण्यात आटतं, हे वेगळं सांगायला नको.

आता मापं. नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं. डोक्याचा घेर साधारण १४ इंच, छातीचा १३. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी डोक्यावरून घालायचं काहीही शिवू नका. पुढून उघडं, एकावर एक येणारं, कुशीत बंद बांधायचं अंगरख्यासारखं झबलं सगळ्यात सोयीचं. झोपलेल्या बाळाला उचलावं लागत नाही, खाली पसरायचं आणि हात घालायचे. उंची ११ इंच पुरे, घेर २० इंचांच्या आसपास ठेवा. बाही अंगातच बेता, वेगळी जोडू नका, म्हणजे काखेत शिवण येत नाही. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) मीटरभर मलमलीत दोन झबली आरामात बसतात. पहिल्या महिन्याच्या झबल्यांची शिवण मी बाहेरच्या बाजूला ठेवते. बघणाऱ्याला उलटं घातल्यासारखं वाटतं, वाटू दे. त्यानंतरच्यांना दुहेरी उलटून शिवण घालावी, म्हणजे सुटे धागे आत बंद होतात.

दुपट्याला फार अक्कल लागत नाही. ४० इंचांचा चौकोन, साडीच्या कापडाचे दोन थर एकावर एक, कडा दुमडून चौफेर धावदोरा, मग मध्ये बोटभर अंतराने धावदोऱ्याच्या ओळी. गोधडीचंच काम, फक्त हलकं. मध्ये स्पंज किंवा फायबर अजिबात भरू नका, ते धड वाळत नाही आणि गरम होतं. दोरा सुती घ्या आणि टाके बारीक घाला, लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं. एवढं जुजबी शिवण येणाऱ्या कुणालाही जमतं, आणि याला मशीन लागतच नाही.

बोरन्हाणाचं काळं झबलंही आताच शिवून ठेवू का, असं मनात येईल. थांबा. संक्रांत ते रथसप्तमीच्या काळात बाळ केवढं झालेलं असेल ते बघून शिवा. काळ्या कापडाचा रंग मात्र आधी तपासा: पांढरा रुमाल ओला करून घासून बघा. रुमाल काळा झाला तर ते कापड परत द्या, कारण हलव्याचे दागिने घालून बसलेलं पोर तेच झबलं तोंडात घालतं.

काही गोष्टी मी वर सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते, पण त्या सोडू नका.

कुंची आणि टोपड्याचे बंद हनुवटीखाली बांधतो, ते बाळ मांडीवर आणि डोळ्यांसमोर असेपर्यंतच. झोपवताना कुंची, टोपडं दोन्ही काढायचं. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-गळ्यापाशी नाडी लावायलाच मनाई आहे, आणि ती गळफासाच्या अपघातांमुळे आहे. झबल्याचे बंदही आखूड ठेवा, गाठ बसण्यापुरते. मणी, टिकल्या, सुटी बटणं काही नको. लावलंच तर टिचबटण, आणि ते ओढून ओढून बघा.

ट्रंकेतली साडी काढलीत आणि तिला डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत धुवा, आठवडाभर उन्हात-वाऱ्यावर टाका. त्यातूनही वास राहिला तर ती साडी बाळासाठी वापरू नका, कितीही जीव असला तरी. शिवलेले कपडे डांबरगोळ्यांत ठेवायचे तर नाहीतच. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी-सिक्स-पी-डी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. ही कमतरता आहे की नाही हे बाळाकडे बघून कळत नाही. आमच्या सासूबाई ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालायच्या, म्हणून ती नऊवारी चालली.

राईची उशी कुणी शिवायला सांगेल. शिवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी देऊ नये असंच डॉक्टर सांगतात, आणि सैल पांघरूणही नको. म्हणजे दुपटं बाळाच्या खाली ताणून घाला किंवा जागेपणी गुंडाळायला वापरा. गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, खुब्याच्या सांध्याला ते वाईट. मांड्या फाकून, गुडघे दुमडून हलवता येतील एवढं सैल असावं.

वहिनींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी काय सांगितलं असतं ते लिहिते: "खोकाही द्या. टेबलावर तोच मधोमध ठेवा, माझी ना नाही. माझं बोचकं ताईच्या खोलीत, बाळाच्या उशाशी जाऊ दे." बारशाला आलेल्या बायका बघतात ते टेबल एका संध्याकाळचं असतं. रात्री तीन वाजता ओलं झालेलं बदलायला ताई जे हाताशी घेईल ते तुम्ही शिवा. शक्य असेल तर तुमच्या आईची एखादी साडी मागून घ्या, आई नुसतं कापडच देणार नाही, उजेडासमोर धरायलाही बसेल.

आणि मशीन घ्यावं का, असंही विचारलं होतंत. या एका बाळंतविड्यासाठी घेऊ नका. झबल्याच्या शिवणी शेजारीपाजारी कुणाचं मशीन असेल तर एका दुपारी मारून घ्या, मलमलीला ११ नंबरची सुई लावून. १४ची जाड सुई मलमलीला भोकं पाडते. पुढे हात बसला आणि शिवत राहावंसं वाटलं तर पायाचं साधं काळं मशीन बघा, जुनंही चालेल, दुरुस्त करणारा बहुतेक गावांत मिळतो. सातवा महिना म्हणजे वेळ आहे, पण आधी झबली आणि लंगोट उरकून घ्या. कुंची बाराव्या दिवसापर्यंत झाली तरी चालते.