वचनं तोंडपाठ असलेला मुलगा रोजच्या व्यवहारात खरा कसा राहील?

सलाम ताई,

मुलगा दहावीत, शब्बाथ शाळेत म्हणजे चर्चच्या मुलांच्या बायबलवर्गात वाढलेला, बायबलची वचनं पाठ. तरी विज्ञानाची प्रयोगवही मित्राची बघून उतरवली आणि विचारल्यावर साफ नाही म्हणाला. उपदेश न करता त्याला प्रामाणिकपणा कसा शिकवायचा, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचं काम माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो.

खोटं बोलू नये हे या मुलांना माहीत असतं. पण निर्णयाची वेळ अर्ध्या मिनिटाची असते, मित्र समोर उभे असतात, आणि तोंडातून काय बाहेर काढायचं ते आधी ठरलेलं नसतं. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्याच्यासोबत वाचा. राजाच्या अन्नाने विटाळायचं नाही, हे दानीएलाने मनात ठरवलं होतं. मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तो चिडला नाही, भांडला नाही. कारभाऱ्याला अदबीने म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा. बाबेलमध्ये कैदी म्हणून नेलेला हा तरुण नकार देताना समोरच्याची अडचणही ध्यानात घेतो. आपल्या मुलांना नेमकं हेच कुणी शिकवत नाही.

म्हणून वाक्यं मोठ्याने म्हणवून घ्या. "वही उतरवायला देणार नाही, पण संध्याकाळी ये, बसून करू." प्रात्यक्षिकाच्या २० गुणांसाठी दर वर्षी वह्या फिरतात, तेव्हा हे वाक्य त्याला लागणारच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर 'फुटलेला पेपर' आला तर काय करायचं, तेही आजच ठरवा. त्या रात्री ठरवणं जमत नाही.

दुसरं, मुलांच्या हातात खरी जबाबदारी द्या. नाताळात कॅरल गात घरोघरी फिरताना देणगी जमते. ते पैसे मोठ्यांनी मोजू नयेत, मुलांनी मोजावेत. दोघांनी मिळून मोजायचं, वहीत लिहायचं, उपासनेनंतर मंडळीसमोर हिशोब वाचायचा. बायबलमधल्या प्रेषित पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी एकट्याने हाताळली नाही, कुणी बोट ठेवू नये म्हणून सोबत माणसं घेतली. तीसचाळीस रुपये कमी भरले तर तेही तसंच वाचून दाखवू द्या. हिशोब जुळवून दाखवण्याचा मोह होतो तो तिथेच, आणि तिथे खरं बोललेलं मुलं विसरत नाहीत.

आता थोडं कडू. एसटीत अर्धं तिकीट १२ वर्षांपर्यंत असतं. तेराव्या वर्षीही "अकरा पूर्ण" असं कंडक्टरला सांगणारे आईवडील उपासनेत पुढच्या बाकावर बसलेले असतात. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती स्कूटर देऊन त्याला चर्चला पाठवणारेही आहेत, आणि २०१९ पासून त्यासाठी पालकाला २५,००० रुपये दंड व तुरुंगवासही होऊ शकतो. हे तुमच्या घरी होत नसेलही. होत असेल तर सुरुवात तिथून करा, मुलाच्या वहीपासून नको.

वहीचं काय? "खरं सांगितलंस तर काही होणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. पण कबुलीनंतर आवाज चढवू नका, नातेवाइकांत विषय काढू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो अधिक सफाईने लपवेल. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं, नुसती क्षमा मागितली नाही. मुलानेही सरांकडे स्वतः जावं, उतरवलेले प्रयोग पुन्हा करून लिहायला मुदत मागावी. तुम्ही त्याच्या वतीने फोन करू नका. सरांनी गुण कापले तर कापू द्या. वही कोणाची होती हे मात्र त्याच्याकडून वदवून घेऊ नका, ती कबुली त्या मित्राने द्यायची आहे.