जुन्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० घ्यावं की आरएक्स ६५०० एक्सटी? परफॉर्मन्समध्ये नक्की किती फरक आहे?

पीसी खरंच जुना असेल, म्हणजे मदरबोर्डावर कार्ड बसतं तो स्लॉट नव्या पीसीआयई ४.० चा नसून जुन्या ३.० चा असेल, तर १६५० घ्या. वेगाचे चार्ट काहीही म्हणोत.

तुम्ही पुढे लिहिलंय, "सगळ्या चार्टमध्ये ६५०० एक्सटी वर आहे, मग लोक अजून १६५० का सुचवतात?" हेच वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न दिसल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

दाजींचं वाचन दांडगं, पण ते सगळं बार चार्टचं. मी माझ्या बी४५० बोर्डावर (तोही ३.० चाच) १६५० बसवलं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, २०१९ चं कार्ड? नवी पिढी आलीये आणि तू जुनं कवटाळून बसलायस!" आणि भाच्याच्या पीसीसाठी ६५०० एक्सटी घेऊन आले. भाच्याचा प्रोसेसर आय३-१०१००एफ, रॅमची ८ जीबीची एकच स्टिक. मी तेव्हाच म्हटलं, "दाजी, हा स्लॉट ३.० चा आहे." त्यावर, "स्लॉटने काय होतं? कार्ड बसलं ना?"

हलक्या ऑनलाइन गेममध्ये काहीच बिघडलं नाही. मग पोराने एक मोठा ओपन वर्ल्ड गेम टाकला, टेक्स्चर (भिंती, जमीन वगैरेंवरची चित्रं) 'हाय'वर ठेवली, आणि गावात शिरलं की चित्र अडखळायला लागलं. वळलं की थांबायचं, पुन्हा पळायचं. कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) आकडा मात्र बरा दिसायचा, त्यामुळे दाजींच्या मते कार्ड निर्दोष. आधी थर्मल पेस्टवर आळ आला, मग अँटिव्हायरसवर, मग विंडोज पुन्हा टाकून झालं. शेवटी ब्राउझरचे टॅब उघडे ठेवतो म्हणून पोरालाच बोलणी बसली.

मी माझं १६५० काढून तिथे लावलं. गेम तोच, सेव्ह तीच, सेटिंग तीच. मोकळ्या रानात आकडा ६५०० एक्सटीपेक्षा कमीच आला, आणि दाजी लगेच म्हणाले, "बघ, पडला ना!" पण गावातलं अडखळणं जवळजवळ गेलं. मग परत ६५०० एक्सटी लावलं आणि फक्त टेक्स्चर 'हाय'वरून 'मिडियम'वर आणली. तेही सरळ चालायला लागलं. म्हणजे दोष ना पेस्टचा, ना विंडोजचा, ना पोराचा.

कारण साधं आहे. दोन्ही कार्डांवर मेमरी ४ जीबीच. ती भरली की उरलेली टेक्स्चर पीसीच्या रॅममध्ये जातात आणि लागतील तशी स्लॉटमधून ओढून आणावी लागतात. १६५० ला स्लॉटच्या १६ लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, मिळतात, ६५०० एक्सटीला फक्त ४. पीसीआयई ४.० वर त्या ४ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, ३.० वर त्याच्या निम्मे, ४ जीबी. १६५० ला मात्र ३.० वरही १६ जीबीच्या आसपास मिळतात. दाजींचं ठरलेलं उत्तर असतं, "६५०० एक्सटीची बँडविड्थ १४४ जीबी, तुझी १२८." आकडे बरोबर आहेत. पण ती कार्डाच्या आतली बँडविड्थ झाली, म्हणजे चिप आणि कार्डावरची मेमरी यांच्यात सेकंदाला जाणारा डेटा. माल कार्डाबाहेर पडला की तिचा काय उपयोग? आणि ज्या चार्टवर दाजींची एवढी भिस्त, ते बहुतेक वेळा सर्वांत ताज्या प्रोसेसरवर, ४.० किंवा त्यापुढच्या बोर्डावर काढलेले असतात. स्वस्त कार्ड घेणाऱ्या कितीजणांकडे तसा पीसी असतो?

गंमत म्हणजे ४ जीबी मेमरी आताच्या गेमना पुरत नाही, असं २०२० मध्ये एएमडीनेच आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनीच हे ४ जीबीचं कार्ड काढलं.

रेकॉर्डिंगचं तर विचारूच नका. भाच्याला खेळताना व्हिडिओ करायचा होता. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर एन्कोडर (प्रोसेसरवर ओझं न टाकता व्हिडिओ बनवणारा चिपमधला भाग) दिसेना. दाजी म्हणाले, ड्रायव्हर नीट पडला नसेल. ड्रायव्हरचा काही संबंध नाही. ६५०० एक्सटीच्या चिपमध्ये व्हिडिओ एन्कोडरच दिलेला नाही. एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचं डीकोडिंगही नाही (ते १६५० मध्येही नाही, पण तिथे एनव्हीएन्क हा एन्कोडर आहे). नावात 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, त्यामुळे त्यातल्या क्विक सिंक एन्कोडरचीही सोय नाही. सगळं ओझं चार कोअरच्या प्रोसेसरवर, आणि गेमही त्याच्याच डोक्यावर.

वीज हा आणखी एक मुद्दा. १६५० ७५ वॉटचं, बरीच मॉडेल स्लॉटच्याच विजेवर चालतात. ६५०० एक्सटी १०७ वॉटचं, त्याला एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) वेगळी केबल द्यावी लागते. ब्रँडेड ऑफिस पीसीत ती केबल बहुधा नसतेच.

म्हणून एकट्या सरासरी एफपीएसवर जाऊ नका. १% लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस) बघा, फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख बघा. आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावलं की व्हिडिओ मेमरी किती भरली तेही दिसतं. आणि जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये 'बस इंटरफेस'समोर कोणतं पीसीआयई आणि किती लेन लिहिल्यात ते वाचा. हे मी दाजींना त्यांच्याच स्क्रीनवर दाखवलंय. "पुढच्या ड्रायव्हरमध्ये सुटेल," म्हणाले. लेन ड्रायव्हरने वाढत नाहीत, दाजी.

आता दुसरी बाजूही सांगतो. तुमचा बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ४.० चे असतील आणि रेकॉर्डिंग करायचं नसेल, तर ६५०० एक्सटी १६५० पेक्षा वेगवान आहे, घ्या खुशाल. फक्त बोर्डाचं नाव बघून फसू नका: बी५५० बोर्ड ४.० चा असला तरी त्यावर रायझन ५६००जी प्रोसेसर असेल तर स्लॉट ३.० नेच चालतो. ३.० वरही टेक्स्चर खाली ठेवून ४ जीबीच्या आत राहिलात तर ते वाईट नाही.

१६५० घेतानाही डोळे उघडे ठेवा. याच नावाने २०२० मध्ये जीडीडीआर६ या नव्या प्रकारच्या मेमरीचं मॉडेल आलं, १९२ जीबी बँडविड्थचं. किंमत सारखी असेल तर तेच घ्या. जुनं कार्ड घेत असाल तर जीपीयू-झेडमध्ये मेमरीचा प्रकार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एसएमपीएस चांगला असेल आणि बजेट थोडं ताणता येत असेल, तर हे दोन्ही सोडून आरएक्स ६६०० बघा. ८ जीबी मेमरी, ८ लेन, एन्कोडरही आहे. आणि रॅमची एकच स्टिक असेल तर कार्डाआधी दुसरी टाका. भाच्याच्या पीसीत ती अजून टाकलेली नाही, कारण दाजींच्या मते रॅमचा गेमशी संबंध नसतो.