अनंतातून अनंत वजा केलं तर शून्य का नाही?

'अनंत + १ = अनंत चालतं, अनंत + अनंत = अनंतही चालतं, मग अनंत − अनंत = ० म्हणायला काय हरकत आहे?' असा तुमचा प्रश्न. हरकत एवढीच, की त्या अनंतातून नेमकं काय काढलं हे तुम्ही सांगितलेलंच नाही.

आमच्या रावेर-सावद्याकडचं उदाहरण घ्या. समजा केळीची बाग कधीच न संपणारी आहे आणि प्रत्येक घडावर नंबर टाकलाय: १, २, ३... एका व्यापाऱ्याने सम नंबरचे सगळे घड कापून नेले. गेले अनंत, आणि मागे विषमवाले उरले तेही अनंतच. दुसरा आला, त्याने ६ नंबरपासून पुढचे सगळे नेले. गेले अनंतच, पण उरले मोजून ५. तिसऱ्याने अख्खी बाग साफ केली, उरलं शून्य. तिघांच्याही पट्टीवर (हिशोबाच्या चिठ्ठीवर) मजकूर एकच: बागेत अनंत, नेले अनंत. आता नुसती पट्टी बघून शिल्लक सांगा! उत्तरं भरपूर निघतात, त्यातलं एक धरायला आधार नाही, म्हणून गणितवाले त्या वजाबाकीला अर्थच देत नाहीत. बेरजेत ही भानगड नाही. घड कुठल्याही क्रमाने आणून टाका, बाग अनंतच राहते.

बरं, हट्टाने ० ठरवलंच तर? अनंत + १ = अनंत, दोन्हीकडून अनंत वजा करा, १ = ० हातात येतं. मग हिशोबच संपला.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही. सृष्टी-प्रलयात जीव बाहेर आले, आत गेले तरी अच्युत तसाच राहतो, तशी. मला ही उपमा फार आवडते. पण ती मोजक्या संख्येपुरती. खहरातून खहरच काढायला निघालात, की परत ती पट्टी समोर येते. (शून्याने भागणंही आज आपण मान्य करत नाही, तो वेगळा विषय.)

कॉम्प्युटरसुद्धा इथे हात वर करतो: अनंत वजा अनंत दिलं की 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नव्हे', असं छापतो.

एक करून बघा: √(क्ष² + क्ष) − क्ष. क्ष वाढवत नेला की दोन्ही तुकडे अनंताकडे पळतात. क्ष = १०० टाकलं तर ०.४९८८ येतं, आणखी वाढवलं की ०.५ च्या जवळ जवळ जात राहतं. अर्धाच घड शिल्लक, भो!