आईचं वय 67, वजन 98 किलो. वजन कमी करायची सर्जरी या वयात सेफ आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईंची उंची 155 सेंमी, बरीच वर्षं शुगर आहे, गुडघे गेलेत, डॉक्टर स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून ते लहान करायची सर्जरी) करू म्हणतात आणि घरचे म्हणतात आता या वयात कशाला पोट कापायचं. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) झाला जवळजवळ 41, त्यामुळे डॉक्टर उगाच काही सांगत नाहीयेत.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. माझ्या सासूबाईंची साठी उलटल्यावर स्लीव्ह झाली आणि त्यांचं सगळं खाणंपिणं मीच बघते, म्हणून लिहितेय. आता वयाची अशी काही वरची मर्यादा डॉक्टर मानत नाहीत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, जे मोठे अभ्यास सगळे दाखवतात, स्वीडनचा एसओएस (37 ते 60 वयाचे) किंवा अमेरिकेतला स्टॅम्पीड (20 ते 60), त्यात साठीच्या पुढचे लोक घेतलेच नव्हते, म्हणून चाळिशीतल्या पेशंटचे आकडे आईंना लावू नका. वजन उतरतं, फक्त तरुणांपेक्षा थोडं कमी, आणि शुगर जुनी असेल, इन्सुलिन चालू असेल तर ती पूर्ण जाईल असं धरून चालू नका, औषधं कमी झाली तरी खूप झालं.

खरी भीती मला विचाराल तर ऑपरेशनची नाही, ताकद जाण्याची आहे. चरबीबरोबर स्नायूही जातात, हाडंही कमजोर होतात, आणि सत्तरीला आलेल्या बाईच्या मांड्यांतली ताकद एकदा गेली की परत यायला फार वेळ लागतो. आईंना साध्या खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगा. जमत नसेल (गुडघ्यांमुळे असो नाहीतर अशक्तपणामुळे) तर सर्जनना तसं सांगा आणि आधी काही महिने फिजिओथेरपी आणि प्रोटीनवर काढा, मग तारीख घ्या.

नंतरचं घरातलं काम फार आहे हो. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकतात, त्यामुळे सुरुवातीला आमच्याकडे स्टीलची छोटी वाटी, त्यातून घोट घोट पाणी, एक घोट घेतला की थांबायचं, घाई केली की लगेच उलटी. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन त्या एवढ्याशा पोटात बसवायचं, आधी पनीर किंवा अंडं, मग जागा उरली तर भात. आपल्याकडची गोडसर डाळ आणि खाखरा यावर भागत नाही!! बी12, आयर्न, कॅल्शियम, डी कायमचं, आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी.

बीपी आणि शुगरच्या गोळ्या सर्जरीनंतर लगेच कमी कराव्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच करायच्या. नाहीतर शुगर खाली येते, चक्कर येते, आणि या वयात पडणं म्हणजे खुबा मोडायची भीती. गुडघ्यासाठी आई पेनकिलर घेत असतील तर तेही सांगा, विशेषतः बायपासचा (हृदयाचं नाही, पोट लहान करून थेट आतड्याला जोडायची वजनाचीच दुसरी सर्जरी) विचार असेल तर, कारण त्यात अल्सर होऊ शकतो. आणि छातीत जळजळ असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून पोट आतून बघायची तपासणी) आधी करूनच घ्या.

इन्शुरन्समध्ये बीएमआय 40 किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार अशी अट असते, आई त्यात बसतात, फक्त पॉलिसीचा वेटिंग पिरियड (ज्या काळात क्लेम मिळत नाही तो) संपलाय का ते तारीख घ्यायच्या आधी बघा.