शुगर वाढली की दात का हलतात?

प्रश्न : माझ्या सासूबाई साठीच्या आहेत, बरीच वर्षं शुगर आहे, शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ९.२ आला. खालचे पुढचे दोन दात हलतात, दात घासताना रक्त येतं, पण दुखत अजिबात नाही. सकाळी मिश्री लावायची सवय आहे. त्या म्हणतात कॅल्शियम कमी झालंय, म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. शेजारच्या काकू म्हणतात सफाई केली की दात आणखी हलतात, त्यापेक्षा सगळे काढून कवळी बसवा. काय करावं? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी कॅल्शियमचं सांगते, कारण घरोघरी हाच उपाय चालू असतो. दात हलतो तेव्हा बऱ्याचदा दात स्वतः चांगला असतो, पण त्याचं मूळ जबड्याच्या ज्या हाडात रुतलेलं असतं ते हाड झिजून खाली गेलेलं असतं, आणि ते काही कॅल्शियम कमी पडलं म्हणून झिजत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिलं असेल तर जरूर घ्या, पण त्यानं हा दात घट्ट होणार नाही.

आपल्या हाडात कायम दोन कामं चालू असतात, काही पेशी जुनं हाड पाडतात आणि काही नवीन बांधतात. दाताच्या कडेला जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, शरीर त्या जंतूंशी लढायला लागतं आणि त्या लढाईत रँकल नावाचं प्रोटीन वाढतं, जे पाडणाऱ्या पेशींना कामाला लावतं. इथपर्यंत शुगर नसलेल्या माणसालाही होतं, त्यालाच आपण पायरिया म्हणतो. पण शुगर सतत जास्त राहिली की रक्तातली साखर शरीरातल्या प्रोटीन्सना चिकटून बसते, हे चिकटलेले पदार्थ हिरडीत साठत जातात आणि सूज उतरूच देत नाहीत, म्हणून रँकल वाढलेलंच राहतं. आणि त्याहून वाईट म्हणजे बांधणाऱ्या पेशी लवकर मरतात. म्हणजे पाडकाम जोरात आणि बांधकाम बंद, त्यामुळे गेलेलं हाड भरून यायची संधीच मिळत नाही. माझ्या मते शुगरवाल्या पेशंटला हे बांधकाम बंद पडल्याचं कोणी नीट सांगत नाही, सगळे फक्त 'इन्फेक्शन लवकर होतं' एवढंच सांगतात.

दुखत नाही म्हणून थांबू नका, हा आजार वर्षानुवर्षं न दुखता चालतो. हिरड्यांचे डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या मधल्या फटीत हलकेच घालतात, प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी. १ ते ३ मिलिमीटर आत गेली तर ठीक, ४ किंवा त्याच्या पुढे गेली की आजाराची शंका, ६ किंवा जास्त म्हणजे बरंच खोल. सोबत एक्स-रे काढला की हाड किती उतरलंय ते डोळ्यांनी दिसतं, सासूबाईंना तो मुद्दाम दाखवायला सांगा, एकदा बघितलं की 'वय झालं' म्हणायच्या थांबतात बऱ्याच जणी.

सफाईनं दात हलत नाहीत हो! हाड आधीच गेलेलं असतं, फक्त किटणाच्या थरानं दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ते किटण काढलं की हलणं जाणवतं एवढंच. पण ते किटण ठेवलं तर उरलंसुरलं हाडही जाणार. हिरडीच्या खालची खोल सफाई नीट झाली की सूज उतरते, रक्त थांबतं, आणि ३-४ महिन्यांत एचबीएवनसी सुद्धा साधारण ०.३ ते ०.४ नं खाली येऊ शकतो. ९.२ वरून ७ वर सफाईनं येणार नाही, त्याला औषधं आणि जेवणच सांभाळावं लागेल, पण हिरडीची सूज शुगर वाढवते आणि शुगर हिरडीची सूज वाढवते, त्यामुळे दोन्हीकडचे उपचार एकदमच चालू करा. गेलेलं हाड सफाईनं परत येत नाही, काही ठिकाणी ऑपरेशन करून थोडं भरता येतं, तेही शुगर आटोक्यात असेल तर.

सगळे दात काढायची घाई नको. दात काढला की तिथलं हाड आणखी आक्रसतं आणि खालची कवळी तर मग बसतच नाही नीट. कुठले दात वाचतील ते तपासूनच ठरवा. मिश्री मात्र बंद, त्यात तंबाखू आहे, हिरड्या तर जातातच पण तोंडाच्या कॅन्सरचाही धोका आहे.

डॉक्टरकडे सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच जा, उपाशी नेलं तर खुर्चीतच शुगर उतरायची. ताजा रिपोर्ट आणि सगळ्या औषधांची यादी जवळ ठेवा. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल कधी इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर दात काढायच्या आधी ते सांगाच, त्या औषधांमुळे जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो.

प्रश्न : मी ४२ वर्षांचा, मला डायबेटीस नाही पण पायरिया निघालाय. शुगर तपासायची गरज आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : हो, तपासाच. आपल्याकडे शुगर कितीतरी वर्षं कळतच नाही आणि कधीकधी हिरड्याच पहिल्यांदा तक्रार करतात, विशेषतः घरात आई-वडिलांना असेल तर. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आला तर लक्षणं नसल्यास टेस्ट परत करून खात्री करतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ मध्ये आला तर तो डायबेटीस नाही पण त्याच वाटेवर आहे, तेव्हा रिपोर्ट फिजिशियनला दाखवा आणि हिरड्यांच्या डॉक्टरांनाही द्या, सफाई परत कधी करायची ते त्यावर ठरतं.