चौदा दिवसांचा हिशेब

"कोरोनात ज्या भावकीनं तोंडावर दार लावलं, त्यांच्याच घरचं लग्न आलंय. जायचं का?"

निपाणी-चिकोडी पट्ट्यात समुपदेशनाला हा प्रश्न अजून येतो. निमित्त कधी लग्नाचं असतं, कधी बांधाचं, कधी यात्रेच्या वर्गणीचं. इथं एकाच घराची गोष्ट आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विचारणारी घरची सून. घरी शिलाईकाम करते. मे २०२० मध्ये तिचा नवरा पास काढून पुण्याहून आला. कोगनोळी नाक्यावर तपासणी, मग चौदा दिवस गावच्या शाळेत, त्यानंतर घर. जुलैअखेर सासऱ्यांना ताप आला, तपासणीत कोरोना निघाला आणि रुग्णवाहिका त्यांना बेळगावला घेऊन गेली. एरवी निपाणीकडचं आजारी माणूस कोल्हापूर गाठतं, चाळीसेक किलोमीटर. पण तेव्हा मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द आडवी आली. घराला फीत लागली, दारावर कागद. पाचव्या दिवशी सासरे गेले. अंत्यविधी तिकडंच झाला. शेजारचे चुलतसासरे बोअरच्या नळापाशी चारचौघांत म्हणाले, "ह्यानं पुण्याचा रोग आणला की." सुतक सगळ्या भावकीनं पाळलं, पण ज्यानं त्यानं आपल्या घरात. फीत निघाल्यावरही चार महिने दारात कुणी आलं नाही.

लग्नाची पत्रिका आल्यापासून तिला आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नव्हती. स्वयंपाक, शिवण, मुलांचा अभ्यास मात्र नीट चालू होतं. हे आधी पाहावं लागतं. माणूस जाऊन सहा महिने उलटले तरी रोज तीच ओढ, कामात लक्ष नाही, जगण्यात रस नाही असं असेल, तर त्याला लांबलेलं दुःख म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, त्याची वेगळी नोंद आहे आणि तिथं मानसोपचारतज्ज्ञच हवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, कन्नड-मराठी दोन्हीत बोलता येतं. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. होता तो राग. तो किती, हे शून्य ते दहात विचारलं तर ती आठ म्हणाली.

अशा वेळी लग्नाला जावं की नाही यावरच बोलत बसलं की गाडी रुतते. म्हणून पहिल्या बैठकीत लग्न बाजूला ठेवलं आणि मोठ्या कागदावर मे ते डिसेंबर २०२० चे महिने आखले. नवऱ्यालाही बोलावलं. तो खाली मान घालून बसला होता. चुलत्यांचं वाक्य बायकोला टोचत होतं, त्याला मात्र ते खरंच वाटत होतं.

तारखा भरल्या. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा पाच-सहा दिवस लागतात, फार तर चौदा. नवरा मे महिन्यात आला, तो शाळेत असतानाच चौदा दिवस सरले, त्याला काही झालं नाही. वडिलांचा ताप जुलैअखेरचा. मधले दोन महिने कागदावर बोटानं मोजून दाखवल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग बाबांना कुठनं लागलं?" ते सांगता येत नाही, आणि सांगू नये, उत्तर शोधायला गेलं की दुसरा कुणीतरी आरोपी उभा राहतो, बहुतेक वेळा दूधवाला.

सगळ्यांच्याच तारखा अशा सोडवत नाहीत हेही खरं. कुणी आल्यावर आठव्या दिवशी घरात ताप आला असेल, तर कागद काढून उपयोग नाही, उलट घाव बसतो. तिथं त्या वेळी त्या माणसाला काय माहीत होतं, एवढंच विचारायचं.

दुसरा हिशेब भावकीचा. घडलेल्या गोष्टी तीन रकान्यांत लिहायच्या: नियमामुळं झालेल्या, भीतीमुळं झालेल्या, मुद्दाम केलेल्या. सुनेनं आधी सगळं तिसऱ्या रकान्यात घातलं, सासूबाईंनी सगळं पहिल्यात. दोन्ही चूक. फीत लागल्यावर न येणं नियमात बसतं. नळावरून घागरी लांब ठेवणं भीतीत. चुलत्यांच्या बायकोला साखरेचा आजार होता, ती भीती खोटी नव्हती. पण चौदा दिवस वेगळे आणि पुढचे चार महिने वेगळे मोजायचे. त्या चार महिन्यांना कुठलाही नियम नव्हता. ते आणि नळापाशचं वाक्य, एवढं तिसऱ्यात उरलं. राग पाचावर आला, कारण आता त्याला आकार होता.

प्लेगातही लोक घाबरले होते. १८९६ ला मुंबईत शिरलेला तो रोग पुढं बेळगाव जिल्ह्यातही आला, तेव्हा गावंच्या गावं रानात खोपी घालून राहिली. फरक एवढाच की तेव्हा गाव मिळून उठलं, आणि या वेळी फितीच्या आत एकच घर होतं.

सासूबाईंची सल निराळी होती: तोंड बघायला मिळालं नाही. मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांत नातेवाइकांना लांबून चेहरा दाखवायची मुभा होती, राखेपासून धोका नाही असंही लिहिलं होतं. तेव्हा ते त्यांना कुणी सांगितलं नाही. उशिरा केलेलं श्राद्धही चालतं, हे भटजींकडूनच ऐकवलं, समुपदेशकाच्या तोंडून ते पटत नाही.

मग लग्न. बोलायचं तर आठ-दहा दिवस आधी, त्यांच्या अंगणात, दहा मिनिटं. मांडवात नाही, व्हॉट्सअपवर तर नाहीच. "असं का केलंत?" नं सुरुवात केली की समोरचा नियम सांगायला लागतो. नवऱ्यानं दोनच वाक्यं पाठ केली: "काका, बाबा गेल्यावर चार महिने तुम्ही दारात आला न्हाईसा. ते मनातनं जाईना, एवढंच सांगाय आलोय." माफी मागायची नाही, मागवायची नाही. काका ऐकून घेऊन नुसतं "व्हय" म्हणाले.

नवरा आणि सासूबाई अक्षतांना गेले. सून गेली नाही, आणि तिला कुणी आग्रह केला नाही. आठवड्यानं काकू बुंदीचा डबा घेऊन आल्या. सुनेनं तो रिकामा परत केला नाही, साखर घालून मुलाकडं पाठवला. बोलणं अजून नळाला पाणी आलं का, इतपतच आहे.